लोखंड नाही, आधी रबर जातं

(खंबाटकी घाट. मे महिना, शनिवार सकाळ. डाव्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग.)

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकी चढावाच लागायचा, जुना बोगदा फक्त साताऱ्याहून परत येणाऱ्यांच्या नशिबी. त्यात उन्हाळी सुट्टीतला शनिवार म्हणजे चढावरच ट्रॅफिक जाम, पहिला गियर टाका, दहा फूट पुढे जा, परत ब्रेक, एसी फुल, आत पाच माणसं आणि डिकी झाकण लागत नाही इतकी भरलेली. मग ही अशी रांग लागते. यात मोठ्या गाड्या पण असतात हां, पण जास्त करून आपल्यासारख्यांच्या, दहा-बारा वर्षं जुन्या, छोट्या.

त्यातली ती पांढरी माझी. २०१४ ची आहे, सेकंड हँड घेतली, घेतली तेव्हा मीटरवर फक्त २८ हजार किलोमीटर. विकणारे काका म्हणाले, "अहो उभीच असायची, रविवारी देवळात जायला काढायचो तेवढीच." मला वाटलं लॉटरी लागली.

माझं बेस मॉडेल, टेंपरेचरचा काटाच नाही, फक्त एक लाल दिवा. काटा असला की निदान चढताना दिसतो, दिवा एकदम लागतो आणि लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. माझा लागला तेव्हा मागून हॉर्न चालू होते, बायको म्हणतेय थांब, मी म्हणतोय वर मोकळी जागा आहे तिथे थांबू. हीच चूक. ते वरचे तीनशे मीटर महागात पडू शकतात, कारण बऱ्याच छोट्या इंजिनांचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं, हेड वाकलं की त्याच्याखालचं सील, म्हणजे गॅस्केट, जातं, मग हेड उतरवा, मशीनवर नेऊन सपाट करून घ्या, चार-पाचशेच्या कामाचे पंधरा-वीस हजार होतात.

दिवा लागला की पहिलं एसी बंद. जाममध्ये अडकला असाल आणि लगेच बाजूला घेता येत नसेल तर हीटर फुल गरमवर टाका. हो, मे महिन्यात. हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तो केबिनमध्ये ओढतो, तुम्ही घामाघूम व्हाल पण इंजिन वाचेल. मग जागा मिळाली की लगेच कडेला, इंजिन बंद, आणि अर्धा-पाऊण तास काहीही करायचं नाही.

काहीही नाही म्हणजे रेडिएटरचं झाकण पण उघडायचं नाही, हे दोनदा सांगतो कारण त्या दिवशी माझ्या शेजारच्या गाडीवाल्याने बाटली हातात घेऊन झाकणाला हात घातलाच होता. त्या झाकणाखाली सिस्टीम प्रेशरमध्ये असते, म्हणून आतलं पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की प्रेशर जातं आणि ते सगळं एका झटक्यात उकळून तोंडावर येतं. कुकरची शिट्टी वर असताना झाकण ओढण्यासारखंच आहे हे, फक्त इथे शिट्टी वाजत नाही. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणं पण नको, हेडला तडा जाऊ शकतो.

मिस्त्री बाईकवर आले, खालून खंडाळ्यातून, म्हणजे आपलं साताऱ्याचं खंडाळा, लोणावळ्याचं नाही. त्यांनी ना काही स्कॅनर लावला ना काही उघडलं. इंजिन गार झाल्यावर रेडिएटरचा वरचा पाईप दोन बोटांत धरून दाबला, तर तो कुरकुरला. चक्क पापडासारखा.

(जवळून : क्लिपच्या शेजारी पाईपला गेलेली बारीक चीर, कडेला वाळलेल्या कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, हिरवट पांढरा डाग.)

"हे बघा दादा. गाडी चाललीच नाही म्हणता ना तुम्ही? लोखंड नाही चाललं. रबराला बारा वर्षं झालीच की. आधी रबरच जातं."

तेव्हापासून मी गाडीकडे वेगळ्याच नजरेने बघतो. आपण किलोमीटर मोजत बसतो आणि रबर वर्षं मोजत असतं. उभी असलेली गाडी पण उन्हात तापते, रात्री गार होते, हवेतला ओझोन रबराला बारीक बारीक चिरा पाडतो. म्हणून ती "फक्त २८ हजार" वाली गाडी कधी कधी रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा जास्त खर्च काढते, कारण पळणाऱ्या गाडीचे पाईप-बेल्ट मधे केव्हातरी बदललेले तरी असतात.

मिस्त्रींनी त्या दिवशी पाईपचं टोक इंचभर कापलं, उरलेला परत चढवला, नवी क्लिप आवळली. चीर टोकाला होती म्हणून जमलं. मधे असती तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली असती आणि झाकण सैल ठेवून, म्हणजे प्रेशर होणार नाही असं, हळूहळू गॅरेजपर्यंत नेली असती. जुगाड आहे, घरापर्यंतचा नाही, गॅरेजपर्यंतचा.

आता गरम होण्याचं कारण दर वेळी पाईपच असतं असं नाही. घरच्या घरी एक टेस्ट करा, गाडी चालू करून एसी लावा आणि पुढे जाऊन रेडिएटरचा फॅन बघा, बहुतेक छोट्या गाड्यांत एसीबरोबर तो फिरायलाच पाहिजे. नसेल फिरत तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर, याच क्रमाने, कारण फ्यूज दहा-वीस रुपयांचा असतो आणि काही लोक थेट मोटरच बदलून देतात. फॅन ठीक असून गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, अडकलेला असू शकतो, साधारण ८२ डिग्रीच्या आसपास त्याने उघडायला हवं, नाही उघडला तर पाणी रेडिएटरकडे जातच नाही. आणि तिसरं म्हणजे आपलं लाडकं बोअरचं पाणी. कूलंट कमी झालं की नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओततो आपण, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, घरच्या गिझरमध्ये बसतात तसे. रेडीमिक्स कूलंटचा डबा आणा किंवा कॉन्सन्ट्रेट आणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा, एवढंच.

आणि ज्यांच्याकडे काटा आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. पाणी पूर्ण संपलं तर काटा खाली पण येऊ शकतो, कारण सेन्सरला पाणीच लागत नाही, तो हवेत असतो. काटा खाली आला म्हणून खूश होऊन घाट चढलेले लोक आहेत.

(गॅरेज. गाडी रॅम्पवर, खालून दिसणारं चाक.)

पुढच्या आठवड्यात गाडी रॅम्पवर चढवली तर खाली सगळीकडे तीच गोष्ट. पुढच्या चाकामागे अॅक्सलवर एक रबरी बूट असतो, अकॉर्डियनसारखा घड्या घड्यांचा, आत ग्रीस. माझा एका घडीत फाटलेला, आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसची रांगोळी. त्यातून लाल माती आत गेली की जॉईंट खलास. कोकणात जाणाऱ्यांनी तर हे पावसाळ्यानंतर बघायलाच पाहिजे, स्टेअरिंग पूर्ण वळवा, वाकून टॉर्च मारा, दोन मिनिटांचं काम. बूट वेळेत बदलला तर काही शेकड्यांत भागतं, जॉईंट गेला की हजारांत. गेला हे कसं कळतं, तर पार्किंगमध्ये फुल स्टेअरिंग वळवून गाडी हळू पुढे घेतली की कट कट कट कट असा आवाज येतो.

आवाजांचं म्हणाल तर गॅरेजमध्ये जाऊन "पुढून काहीतरी वाजतंय" म्हणू नका, तिथेच बिल वाढतं. छोट्या छोट्या खड्ड्यांवर, स्पीड कमी असताना खडखड, तर लिंक रॉड किंवा लोअर आर्म या सस्पेन्शनच्या भागांचे बुश, परत रबर. स्पीडबरोबर वाढत जाणारं गूं गूं, आणि रोड मोकळा असताना गाडी जराशी डावी-उजवी घेतल्यावर ते कमी-जास्त होतं, तर व्हील बेअरिंग. तुम्ही एवढं सांगितलंत की समोरचा माणूस उगाच अख्खं सस्पेन्शन काढायला बघत नाही.

क्लचला मात्र रबराचा दोष देता येत नाही, तो आपण स्वतःच मारतो. घाटात गाडी हाफ क्लचवर धरून ठेवणारे हात वर करा. मी पण वर करतो. चढावर थांबायचंय तर हँडब्रेक ओढा, सुटताना क्लच जरा वर येऊन गाडी ओढायला लागली की मग हँडब्रेक सोडा. क्लचची प्लेट संपत आलीय का बघायचं तर टॉपच्या गियरमध्ये, चाळीसच्या आसपास, अॅक्सलरेटर जोरात दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी तशीच, तर प्लेट गेली. पण हे करायच्या आधी क्लच केबल बघा, पेडलला अजिबात ढिलाई ठेवली नसेल तर चांगली प्लेट पण घसरते, आणि ते नुसतं नट फिरवून सुटतं.

सकाळी गाडी सेल्फ घेत नाही, हे तर सगळ्यांच्या घरचं. किल्ली फिरवल्यावर टकटकटकटक असं भरभर वाजलं तर बॅटरी उतरलीय, एकच ठोस टक् आला तर बहुतेक कनेक्शन किंवा स्टार्टर. बॉनेट उघडा, टर्मिनलवर हिरवट-पांढरा चुरा साचला असेल तर आधी मायनसची वायर काढा मग प्लसची, खायचा सोडा गरम पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, लावताना आधी प्लस मग मायनस, वरून व्हॅसलीन. निम्म्या "बॅटरी गेली" केसेस इथेच संपतात असं मिस्त्रींचं म्हणणं, आणि नवी बॅटरी विकून त्यांनाच पैसे मिळतात, तरी म्हणाले. इंजिन चालू असताना साध्या मल्टीमीटरवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा, ठीक आहे.

टायमिंग बेल्टवर, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर, जास्त बोलत नाही कारण काही गाड्यांत बेल्ट असतो काहींत चेन, तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय. फक्त एवढं की तिथे किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात आणि आपण दुसरं वाचतच नाही. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला धडकतो, आणि बेल्ट आधी आवाज वगैरे करेलच असं काही नाही.

उंदरांचं पण सांगणार होतो, पण त्यावर उपाय मला सापडलेला नाही. आमच्या सोसायटीत बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवतात. आमच्या उंदरांना ती आवडते असं दिसतंय.

(पार्किंग. संध्याकाळ. डिकी उघडी.)

तर पाईप, बूट, बुश, अल्टरनेटरचा बेल्ट असं सगळं बदलून झालं, बिल साडेआठ हजार. मिस्त्री म्हणाले आता टायर बघा. टायरच्या बाजूवर, इंग्रजीत DOT लिहिलेलं असतं त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. माझे चारही नवे निघाले, काकांनी गाडी विकताना घातलेले. मी खूश. पाचवा बघायचा राहिला होता, तो आज बघतोय, स्टेपनी, एकदाही न वापरलेली, वरचे केस पण तसेच.

४८१३.

गाडीपेक्षा मोठी आहे वयाने.