आधी टायर बाजूला काढा

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय जुन्या मोटारींच्या मॉडेल किटबद्दल, म्हणजे डब्यातले प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून बांधायच्या छोट्या गाड्यांबद्दल. त्यातही अमेरिकेत १९५८ पासून पुढची दहा-बारा वर्षं निघालेल्या, एकास पंचवीस मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढ्या लांबीच्या किटबद्दल. पण भाषणाआधी एक काम. असं एखादं जुनं किट तुमच्या कपाटात पडून असेल, तर आत्ता उठा, डबा उघडा आणि टायर बाजूला काढा. रेडिओ चालू राहू दे, ऐकू येईल.

कारण असं की हे टायर विनाईलचे असतात. विनाईल मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं, प्लास्टिसायझर. ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारचं पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं कडक प्लास्टिक, मऊ करून खातं. डब्यात टायर पन्नास वर्षं बोनेटला टेकून पडला, की बोनेटवर टायरच्या नक्षीसकट खड्डा. बोनेट पुट्टीनं भरून घासता येईल. समोरची काच वितळली, तर त्या काचेला पुट्टी कुठली लावणार? तेव्हा टायर पॉलिथिनच्या पिशवीत घाला आणि पिशवी वेगळी ठेवा. पॉलिथिनच्या, बरं का. विनाईलच्या पारदर्शक पाकिटात घातलेत तर तोच रोग पुन्हा.

म्हणूनच सीलबंद डब्याचं वेड मला कळत नाही. वरचं प्लास्टिकचं वेष्टन गरम हवेचं यंत्र असलेला कोणीही नव्यानं चढवू शकतो. आणि ते खरं असलं, तरी आत टायर कुणाला खातोय ते दिसत नाही. उघडलेला डबा बरा. माहितीपत्रक समोर धरून भाग मोजता येतात, छताचे खांब वाकलेत का ते बघता येतं.

ही किट इतकी दुर्मीळ का झाली? एएमटी या मिशिगनच्या कंपनीनं १९५८ साली ‘थ्री इन वन’ किट आणली. एकाच डब्यातून कारखान्यातून निघते तशी साधी गाडी, नटवलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, हवी ती बांधा. किट दरवर्षी त्या सालच्या गाडीची निघायची. पुढच्या साली खऱ्या गाडीची जाळी बदलली, दिवे बदलले, की किटचा साचाही कापून, भरून नव्या सालाचा केला जायचा. पोलादी साचा महाग, दुसरा कोण करतो! म्हणजे नवं साल साच्यात शिरलं की जुनं साल संपलं. त्या सालचं किट परत काढता येत नाही. पुन्हा सांगतो: साचाच बदलला, म्हणून किट दुर्मीळ.

आणि आता या नियमाला अपवाद असलेली गाडी. तिची गोष्ट मला थोडक्यात सांगता येत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

क्रायस्लर कंपनीनं १९६३ साली लोकांच्या हातात एक अशी मोटार दिली, जिच्यात पिस्टनच नव्हते. बोनेटखाली गॅस टर्बाइन. विमानाच्या इंजिनाचा चुलतभाऊच म्हणा. स्पार्क प्लग फक्त एक. आपलं साधं इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर निवांत गुरगुरतं. हे इंजिन उभ्या उभ्या अठरा-वीस हजार फेरे घ्यायचं आणि जोरात असताना ४४,५०० पर्यंत जायचं. आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा. पाय दाबला की क्षण-दीड क्षण काहीच व्हायचं नाही, मग गाडी निघायची.

बॉडी इटलीत, तुरीनच्या घिया कारखान्यात हातानं बनायची आणि जहाजानं डेट्रॉइटला यायची. तिथं इंजिन बसायचं. आधी ५ नमुना गाड्या, मग लोकांना द्यायला ५०. त्या पन्नासच्या पन्नास एकाच रूपाच्या: तपकिरी-सोनेरी ब्राँझ रंग, वर काळं विनाईलचं छत. (हल्ली रस्त्यावर बघावं तर पांढरी, करडी, काळी, परत पांढरी. गाडीला रंग द्यायचा असतो हेच कारखाने विसरलेत. असो.) या गाड्या विकल्या नाहीत. २०३ कुटुंबांना पाळीपाळीनं तीन-तीन महिने वापरायला दिल्या. चालवा आणि काय वाटलं ते सांगा.

आता इंधन. हे इंजिन डिझेलवर चालायचं, रॉकेलवर चालायचं, विमानाच्या इंधनावर चालायचं. चालवायचं नाही ते नेमकं त्या काळी पंपावर मिळणाऱ्या शिसंयुक्त पेट्रोलवर, कारण शिशाचा थर आतल्या पात्यांवर बसायचा. गाडी मेक्सिकोत दाखवायला नेली, तेव्हा तिथले राष्ट्राध्यक्ष आदोल्फो लोपेझ मातेओस यांनी विचारलं, टकीलावर चालेल का? टकीला म्हणजे तिथली दारू. कंपनीच्या इंजिनियरांनी आधी खात्री करून घेतली, मग टाकीत टकीला ओतली. आणि गाडी चालली! राष्ट्राध्यक्षांनी ती स्वतः चालवली. खरं सांगायचं तर या गोष्टीसाठीच मी आजचा विषय निवडला.

पुढचा भाग मात्र वाईट. १९६६ च्या जानेवारीत प्रयोग संपला. क्रायस्लरनं गाड्या परत घेतल्या आणि ५५ पैकी ४६ मोडीत काढल्या. उरल्या ९. त्यांतली एक डिअरबर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे, एक सेंट लुइसच्या वाहतूक संग्रहालयात.

पण डेट्रॉइटच्याच जोहान कंपनीनं तिचं किट काढलं होतं. ही कंपनी क्रायस्लरसाठी शोरूममध्ये ठेवायची छोटी मॉडेलंही करायची. आता गंमत बघा. टर्बाइन गाडीचं पुढच्या सालचं मॉडेल आलंच नाही. म्हणून साचा कापायची पाळीच आली नाही! गाड्या भंगारात गेल्या आणि साचा शाबूत राहिला. ते किट जोहाननं पुढेही काढलं. म्हणजे जी गाडी रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली, तिचं किट शोधलं तर सापडतं. आणि त्याच काळातल्या, लाखांनी विकल्या गेलेल्या साध्या गाड्यांची किट सापडता सापडत नाहीत.

वेळ बराच गेला, आता बांधणीकडे येतो. उदाहरण हीच गाडी, वीतभर लांबीची.

कुणीतरी लहानपणी गोंद थापून बांधलेलं मॉडेल मिळालं, तर ते आधी सुटं करायचं. ट्यूबमधला गोंद असेल तर पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गोंदाचा थर ठिसूळ होतो, मग सांधा हलकेच पिळा, पातळ पातं सरकवा. रंग काढायला ९१ टक्के किंवा जास्त तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, रात्रभर बुडवून, मग टूथब्रश. आधी आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. ब्रेक ऑइलनंही रंग निघतो, पण जुनं प्लास्टिक ठिसूळ होण्याची भीती असते. ॲसिटोन किंवा लॅकर थिनर कधीही नाही. गाडीच विरघळेल.

झिजलेला क्रोम काढायला घरातलं ब्लीच पुरतं, दहा-पंधरा मिनिटांत निघतो, कारण तो ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो. खाली पिवळसर लॅकर राहतं, ते वेगळं काढावं लागतं. आणि हे दोनदा सांगतो: ब्लीच आणि अल्कोहोल एका भांड्यात नको. ब्लीच आणि अल्कोहोल एका भांड्यात नको. विषारी द्रव्य तयार होतं.

बॉडीवर मडगार्डच्या माथ्यावरून आणि छताच्या कोपऱ्यांतून साच्याच्या जोडाची बारीक रेघ जाते. ती ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं, मग ६०० नं घासा. दरवाजाच्या फटी रंगानं बुजतात, म्हणून रंगाआधीच पात्याच्या पाठीनं त्या थोड्या खोल करा. प्रायमरचे दोन-तीन पातळ हात. एका दमात जाड मारलात तर त्यातलं लॅकर उघड्या प्लास्टिकवर भेगा पाडतं.

ब्राँझ रंगात चकाकीचे कण असतात. ते फवाऱ्याच्या दिशेप्रमाणे पडतात. बॉडी एका दिवशी उभी रंगवली आणि बोनेट दुसऱ्या दिवशी आडवं रंगवलं, तर दोघांची छटा वेगळी दिसते. म्हणून बोनेट टेपच्या कपट्यानं जागेवर बसवून बॉडीबरोबरच रंगवा. छताला चमक नको, ते विनाईलचं आहे, अर्धमॅट काळा द्या. क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक चमकदार थर, ब्राँझवर, छतावर नाही.

उठावाची अक्षरं चंदेरी हवी असतील तर रंगाआधीच त्यांच्यावर मागून चिकट असलेला धातूचा पातळ फॉइल घासून बसवा, वरून रंग मारा, सुकल्यावर टूथपिकला किंचित पॉलिश लावून अक्षरांच्या माथ्यावरचा रंग पुसा. खालून फॉइल चमकतो. फॉइल कापताना पातं कोरं हवं. बोथट पातं कापत नाही, फाडतं.

काचा पीव्हीएनंच, म्हणजे पांढऱ्या गोंदानंच, चिकटवा. सुपर ग्लूच्या वाफेनं काचेवर पांढरं धुकं बसतं.

जुनी डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची छापील चित्रं, पिवळी पडली असतील तर त्यांचा कागद खिडकीच्या काचेला चिकटवून काही दिवस उन्हात ठेवा, पिवळेपणा उतरतो. त्याआधी ती स्कॅन करून ठेवा. नको असलेला एक तुकडा कोमट पाण्यात टाकून बघा. तुकडे तुकडे झाला, तर पूर्ण कागदावर डेकलसाठीचं लॅकर फवारा. मग मात्र सगळा कागद एकच पापुद्रा होतो, प्रत्येक चित्र कडेलगत कापावं लागतं.

दिव्यांभोवतीच्या क्रोमच्या कड्यांवर टर्बाइनच्या पात्यांसारखी नक्षी आहे. काळा ॲक्रिलिक रंग पाण्यासारखा पातळ करून खाचांत सोडा आणि वरचा पुसा. पाती एकेक सुटी दिसतात.

राहता राहिले टायर. ते पिशवीत आहेत, ध्यानात आहे ना? चढवण्याआधी चाकाच्या कडेभोवती, जिथं टायर टेकणार तिथं, त्याच फॉइलची एक पट्टी गुंडाळा. फॉइलमधून प्लास्टिसायझर पलीकडे जात नाही. पट्टीची टोकं मात्र एकमेकांवर दोनेक मिलिमीटर येऊ द्या. तिथं फट राहिली, तर टायर नेमका तेवढ्याच फटीतून चाक खातो.

नमस्कार.