लक्ष्मीचा हत्ती

(दृश्य: वेरूळ, कैलास लेणं. कॅमेरा गोपुरातून आत येतो.)

शंकराचं देऊळ, पण गोपुरातून आत शिरलं की आधी भेटते ती लक्ष्मी. आठव्या शतकातली, राष्ट्रकूटांच्या काळातली. कमळांनी गच्च भरलेल्या तळ्यात बसलेली. खालचे हत्ती तळ्यातून घट भरतायत, वरचे हत्ती ते तिच्या माथ्यावर रिते करतायत. दगड झिजलाय, तरी पाणी कुठून निघून कुठे जातंय ते कळतं.

हत्ती म्हणजे पावसाळी ढग, ही आपल्याकडची फार जुनी कल्पना. त्यामुळे हे नुसतं देवीचं स्नान नाही. जमिनीवर पाऊस पडतोय. आणि लक्ष्मी म्हणजे त्या पावसानंतर जे उगवतं ते.

श्रीसूक्तही तेच सांगतं. हत्तींच्या आवाजानं जागी होणारी, ओलसर, कमळात राहणारी. कर्दम, म्हणजे चिखल, हा तिचा मुलगा. ‘करीषिणी’ असंही तिला म्हटलंय. करीष म्हणजे शेण. घरोघरी हे सूक्त म्हणतात, पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेणाची आठवण किती जणांना होत असेल, कोण जाणे!

(दृश्य: राजा रविवर्मा यांचं लक्ष्मीचं चित्र. सावकाश जवळ जात.)

आता हे चित्र. साल १८९६. कमळ आहे, पाणी आहे, चार हात आहेत. वरच्या दोन हातांत कमळं, खालचे दोन रिकामे. लाल साडीच्या चुण्या, काठावरची जर, दंडावर पडलेला उजेड. तैलरंगात काय काय साधतं ते या चित्रकाराला पुरतं ठाऊक होतं. देवी समोर उभी आहे, आणि तिला वजन आहे.

पण डावीकडे बघा. हत्ती एकच. आणि सोंडेत घट नाही, हार आहे.

माझ्या मते सगळ्या चित्रात सर्वांत मोठा बदल हाच. घट ओतणारा हत्ती पाऊस पाडत होता. हार घेऊन आलेला हत्ती स्वागताला उभा आहे. ढगाचा दरबारी झाला. हत्ती म्हणजे वैभव, हा सोपा अर्थ आपल्या तोंडात बसलाय, तो असल्या चित्रांवरून बसला असावा.

(दृश्य: जुनी तसबीर, काचेखाली जर आणि टिकल्या.)

हे चित्र राजवाड्यातच राहिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, कार्ले-भाजे लेण्यांच्या पायथ्याशी. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि तोच कागद एकेका दगडावरून पुन्हा पुन्हा छापून काढायचा. देवळात शिरायची ज्यांना मुभा नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देवी आली. काहींनी तर छापील साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवून तिला नटवलं. ही काचेखालची तसबीर तशीच.

आणि नाणी?

रविवर्म्यांच्या या चित्रात एकही नाणं नाही. हाताच्या तळव्यातून सोन्याची नाणी घरंगळतायत ते पुढच्या कॅलेंडरांत, दुकानाच्या गल्ल्यावरच्या फोटोंत. तिथे हत्ती पुष्कळदा परत दोन झालेत, सोंडेत कलशही आलेत, पण आपली नजर जाते ती नाण्यांवरच.

(दृश्य: दिवाळी, घरातली पूजा.)

चौरंगावर तोच फोटो, पुढे लाह्या, बत्तासे, धणे. बाजूला नवी केरसुणी. तिलाही हळदकुंकू वाहिलंय, कारण आपल्याकडे तीही लक्ष्मीच. चित्रकारांनी मात्र ती देवीच्या हातात कधी दिली नाही. मागणीच नसणार तशी.