काठाचा दगड

मंडळी, फ्रान्समधल्या कित्येक जुन्या खेड्यांत चर्चच्या खालोखाल देखणी दगडी वास्तू कोणती म्हणाल, तर गावाची धुण्याची जागा. तिला ‘लाव्वार’ म्हणतात. झऱ्याचं पाणी खेळवलेला हौद, भोवती फरसबंदी, वर छप्पर. बर्गंडी प्रांतात तर काहींचे खांब आणि कमानी पाहून देऊळच वाटावं. पण आज मी कमानींपेक्षा हौदाच्या काठाबद्दल जास्त बोलणार आहे.

आधी धुणं कसं व्हायचं ते सांगतो. चादरी आणि आतले कपडे साठवून वर्षातून दोन-तीनदाच मोठं धुणं काढायचं. पहिल्या दिवशी कपडे भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी मोठ्या लाकडी पिंपात ते थरावर थर रचायचे, वर जाड कापड पसरून त्यावर चाळलेली लाकडाची राख घालायची आणि तापलेलं पाणी ओतायचं. राखेतला खार कपड्यांतून झिरपत खाली यायचा. तळाच्या भोकातून आलेलं पाणी पुन्हा तापवायचं, पुन्हा वर ओतायचं, तासन्‌तास हेच. तिसऱ्या दिवशी ती ओली, जडशीळ रास हातगाडीवर घालून लाव्वारवर न्यायची. तिथे मोगरीनं बडवायची, खळबळायची, पिळायची. निम्मं काम घरी झालेलं असे. लाव्वार खरी तर खळबळण्याची जागा. या तीन दिवसांना लोक शुद्धिलोक (ख्रिस्ती समजुतीत स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो ती जागा), नरक आणि स्वर्ग म्हणत. आणि स्वर्ग कुठला, तर थंडगार पाण्यात हात घालून गुडघ्यांवर काढलेला दिवस!

लाव्वार त्याआधीही होते, पण 1832 आणि 1849 च्या कॉलऱ्यानं सरकारला स्वच्छतेची निकड पटली. 3 फेब्रुवारी 1851 च्या कायद्यानं सार्वजनिक न्हाणीघरं आणि धुण्याच्या जागांसाठी 6 लाख फ्रँक मंजूर झाले. एकोणिसाव्या शतकात गावोगावी नवे लाव्वार उभे राहिले.

आता काठाकडे या. बऱ्याच जुन्या हौदांचा काठ जवळजवळ जमिनीलगत असतो आणि दगड पाण्याकडे उतरता बसवलेला असतो. तिथे उभ्यानं काम होतच नाही. बाई तीन बाजूंनी बंद असलेल्या लाकडी खोक्यात गवताचा पेंढा टाकून त्यात गुडघे टेकायची. तेवढाच गुडघ्यांना आधार. वर कमानी, खाली पेंढा!

असं का झालं? मला याचं उत्तर ग्रामसभेत दिसतं. बांधकामाचा ठराव पुरुष करत, नकाशा पुरुष काढत. फ्रेंच स्त्रियांना मताचा हक्क मिळाला 1944 मध्ये, आणि पहिलं मत त्यांनी 1945 च्या एप्रिलमध्ये, गावच्या निवडणुकीतच दिलं. ज्यांचे गुडघे दगडावर घासले जायचे, त्यांना लाव्वार बांधताना मतच नव्हतं. मी अशा इमारतींवर खूप प्रेम करतो, म्हणूनच हे मला सलतं.

पुढे काही ठिकाणी काठ कमरेइतका उंच झाला, उभ्यानं धुता येऊ लागलं. एवढासा फरक, पण पाठीला आणि गुडघ्यांना विचारा. नंतर घरोघरी नळ आले, दुसऱ्या महायुद्धानंतर धुण्याची यंत्रं आली आणि हौद ओस पडले. आज अनेक लाव्वारांची छपरं नीट दुरुस्त केलेली आहेत, हौदाभोवती फुलांच्या कुंड्या आहेत. तिथे गेलात तर फोटो काढण्याआधी एकदा खाली बसा आणि त्या उतरत्या दगडावरून हात फिरवा. जिथे वर्षानुवर्षं कापड घासलं गेलं, तिथे तो कसा गुळगुळीत लागतो ते बघा.