तीन सूत, बारीक आटा

(दृश्य: पत्र्याच्या ताटात ओतलेले गंजके नट-बोल्ट, अगदी जवळून)

हे सगळं एकाच गाडीतून निघालंय. काही अख्खे, काहींची डोकी पाना घसरून गोल झालेली, काही मधूनच तुटलेले. एकाच्या टोकाला वेल्डिंगचा गोळा आहे. कुणीतरी कधीतरी कंटाळून नट बोल्टालाच चिकटवून टाकलाय. ताटाशेजारी बसलीय ती मालकांची नात. निघालेला प्रत्येक बोल्ट ती वेगळ्या पिशवीत घालते आणि चिठ्ठी लिहिते: 'केबिन, डावा मागचा'. 'पाटा, उजवा पुढचा'. मिस्त्रींचा हुकूमच आहे, चिठ्ठीशिवाय एकही बोल्ट ताटात पडायचा नाही. तुटका असला तरी ठेवायचा, कारण नवा शोधायला निघाल्यावर दाखवायला हातात तेवढंच असतं.

(दृश्य: निपाणी–चिकोडी रस्ता, आतल्या वळणावरचं घर, गोठ्याशेजारी गाडी)

गाडी महिंद्राची एफसी, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. इंजिनावरच बसवलेली केबिन, बोथट तोंड, मागं उघडा हौदा. आराखडा मूळचा अमेरिकन, जीपवाल्या विलीज कंपनीचा. तिकडं 1965 च्या सुमारास ही गाडी बंद झाली. महिंद्रानं इकडं ती पुढंही बनवली. नंबराच्या पाटीवर पहिली दोन अक्षरं 'एमवाय' आहेत, म्हणजे म्हैसूर राज्याच्या वेळची नोंद. राज्याचं नाव 1973 साली कर्नाटक झालं, पाटी कुणी बदलली नाही.

ह्या हौद्यातून निपाणीच्या तंबाखूचे बोद गेले, संकेश्वरची मिरची गेली, लग्नाची वऱ्हाडंही गेली. मालकांना गावात सगळे आप्पा म्हणतात. आप्पांच्या वडिलांनी मूळचं पेट्रोल इंजिन काढून जीपमधलं प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी ह्या भागात बऱ्याच जणांनी तेच केलं, पेट्रोल परवडत नव्हतं. मग गाडी थांबली ती थांबलीच. आता ती पुन्हा चालती करायचं काम सुरू आहे. इंजिन खाली उतरवलं त्याचं चित्रण आमच्याकडं नाही, म्हणून थेट बोल्टांकडं येऊ.

(दृश्य: मिस्त्रींचा हात, दोन बोल्ट शेजारी शेजारी)

हे दोन बोल्ट बघा. लांबी तीच, जाडीही तीच वाटते. डावीकडचा सांगाड्यातला, अडीच सुताचा. उजवीकडचा इंजिनाच्या बाजूचा, एम 8.

आपल्याकडं इंचाचे आठ भाग करतात, एक भाग म्हणजे एक सूत. 1956 साली मेट्रिकचा कायदा झाला, पाठोपाठ नवे पैसे आले, शेर-मण गेले. हार्डवेअरच्या दुकानातून सूत काही गेलं नाही. आजही बेळगावात काउंटरवर 'तीन सुताचा दे' म्हटलं की पोरगा बरोबर 3/8 च्या डब्यात हात घालतो.

अडीच सूत म्हणजे 7.94 मिलिमीटर. एम 8 म्हणजे 8. फरक केसाएवढा. डोक्यालासुद्धा फसायला होतं: अडीच सुताच्या बोल्टाला अर्ध्या इंचाचा पाना लागतो, म्हणजे 12.7, आणि एम 8 ला 13 चा. 13 चा पाना दोन्हींवर चढतो, म्हणून हाताला शंका येत नाही. घोटाळा आट्यात आहे, म्हणजे बोल्टावर गोल गोल कापलेल्या पेचात. सांगाड्यातल्या बोल्टाला एका इंचात 24 आटे. एम 8 चा आटा सव्वा मिलिमीटरचा, इंचाच्या हिशेबानं वीस-साडेवीस पडतात.

(दृश्य: एम 8 बोल्ट जुन्या नटात फिरतोय, अडतो)

एक फेरा गेला. दीड गेला. आता अडला. इथंच निम्म्या गाड्यांचं वाटोळं होतं. अडला की माणूस पान्याला पाइप लावतो आणि रेटतो. बोल्ट आत जातोही, पण जाताना आतला आटा कापत जातो.

"जोर लावला तर बसंल की," मिस्त्री म्हणतात, "पण मग काढायला मला बोलावायचं नाही."

ह्याच्या उलट प्रकार जास्त वाईट. एम 10 च्या नटात तीन सुताचा जाड आट्याचा, म्हणजे इंचात कमी आटे असलेला, बोल्ट घातला तर तो अडतच नाही. सैल सैल फिरत आत जातो, कारण तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर बारीक आहे. घट्ट झाल्यासारखाही वाटतो. हादरे बसले, भार आला, की आटे सोलून बाहेर.

(दृश्य: पिच गेजची पानं उघडतात, पाठीमागून ऊन)

म्हणून हे पिच गेज. चाकूच्या पात्यांसारखी पातळ पानं, प्रत्येकाला दात, प्रत्येकावर आकडा. पान बोल्टावर टेकवायचं आणि उजेडाकडं धरायचं. फटीतून ऊन दिसलं तर पान चुकीचं. ऊन पूर्ण बंद झालं की आकडा वाचायचा. ह्या बोल्टावर 24 चं पान बसलं. आता हा दुसरा... 24 नाही, 20 नाही, 18 नाही. 22 बसलं. म्हणजे हा ब्रिटिश बारीक आटा, बीएसएफ. अमेरिकन आट्याची दरी 60 अंशांची, ब्रिटिशाची 55. जीपमध्ये ह्याचं कामच नाही. बहुधा एखाद्या जुन्या इंग्लिश लॉरीतून नाहीतर ऑइल इंजिनातून निघाला आणि वाटेत अडलेल्या कुणीतरी इथं कोंबला.

म्हणजे ह्या एका गाडीत तीन घराणी नांदतायत. सांगाडा नि केबिन अमेरिकन इंचात. इंजिन फ्रेंच, मिलिमीटरमध्ये. आणि वाटेवरच्या गॅरेजांनी वेळ मारून नेली ते हे ब्रिटिश पाहुणे. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांवर आता लाल, निळी आणि हिरवी टिकली आहे. ही नातीची कल्पना.

(दृश्य: बेळगावातलं हार्डवेअरचं दुकान, छतापर्यंत लाकडी खण)

चिठ्ठ्या घेऊन मिस्त्री बेळगावात. एम 8, एम 10, एम 12 पोत्यानं मिळतात. तीन सूत जाड आटा मिळतो. तीन सूत बारीक आटा, दीड इंच लांब, हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारा, म्हटलं की पहिल्या दुकानात कानडीत "इल्ल री", नाही हो. दुसऱ्यात तेच, मराठीत. तिसऱ्या दुकानातले काका मात्र स्टूल ओढतात.

वरच्या खणातला हा डबा. आतला कागद तेलानं पिवळा पडलाय. बोल्टांच्या डोक्यावर बघा, तीन रेघा, मधून बाहेर जाणाऱ्या. इंचाच्या बोल्टाची जात ह्या रेघांवरून कळते: काहीच नसेल तर साधा, तीन रेघा म्हणजे ग्रेड 5, सहा रेघा म्हणजे ग्रेड 8. मेट्रिकवर सरळ आकडे असतात, 8.8, 10.9, 12.9. पहिला आकडा ताकदीचा, 8 म्हणजे 800 मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या किती दशांशाला बोल्ट कायमचा ताणला जाईल. ग्रेड 5 आणि 8.8 साधारण एका पंगतीतले.

काका आणखी एक गोष्ट विचारतात, जी बाकी दोघांनी विचारली नव्हती. फुल थ्रेड पाहिजे की हाफ थ्रेड, म्हणजे आटा पूर्ण दांड्यावर की अर्ध्यावरच? दोन पट्ट्या एकमेकींवर घसरू पाहतात तिथं बोल्टाचा गुळगुळीत दांडा यायला हवा, आटा नाही. आट्याची प्रत्येक दरी म्हणजे कापायला दिलेली जागा. मिस्त्री पिशवीतला जुना तुकडा पुढं करतात. तुटलाय तो बरोबर पहिल्या आट्यावर. काका हाफ थ्रेडचा डबा काढतात. भाव करायला मिस्त्री विसरले, हे कॅमेऱ्यात नीट आलंय.

(दृश्य: गॅसची ज्योत, लाल झालेला नट)

तिकडं गाडीखाली अजून सगळे सुटलेले नाहीत. डिझेल सोडून दोन रात्री ठेवलेलेही हलत नाहीत. मग गॅस. तापवायचा नट, बोल्ट नव्हे. नट फुगतो, गंजाची पकड सुटते, आणि तो लाल असतानाच पाना लावायचा. सायलेन्सरच्या बाजूचा हा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, पृष्ठभागाला लागूनच तुटलाय, पकडायला काहीच नाही. त्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग भरतात. वेल्डिंगनं पकड मिळते आणि तीच उष्णता स्टडलाही सैल करते. आता बघा. ...फिरला.

चाकांशी वेगळीच खबरदारी. जीपच्या घराण्यातल्या ह्या जुन्या गाड्यांना डाव्या चाकांचे आटे उलटे, चाक पुढं फिरताना नट आपोआप सुटू नये म्हणून. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी डाव्या बाजूला जोर लावून काय करून ठेवलंय, ते दिसतंयच.

(दृश्य: उद्यमबाग, लहान शेड, जुनं लेथ सुरू होतं)

काही बोल्ट कुठंच मिळत नाहीत. केबिन जिथं सांगाड्यावर बसते तिथले हे स्टड, एका बाजूला जाड आटा, दुसऱ्या बाजूला बारीक, मधे खांदा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारून झालं, हुबळीला फोन झाले. मग उद्यमबाग, बेळगावातली कारखान्यांची वसाहत.

बेळगावला लोखंडाची सवय जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, सुरुवात इथलीच. नगरपालिकेनं जागा सोडायला लावली, औंधच्या राजांनी माळ दिला, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात नावापुरता किर्लोस्कर रोड राहिला. पण हात राहिले. आज उद्यमबागेत क्रँकशाफ्ट होतात, हायड्रॉलिक पंप होतात, आणि मोठ्या कारखान्यांच्या आडोशाला अशा दोन-तीन लेथांच्या शेडही आहेत. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रावर, हा स्टड झटक्यात होईल. पण चार नगांसाठी सीएनसी थांबवायला कोण तयार होतो?

(दृश्य: गिअर बदलताना, दातांवर बोट)

लेथ चालवणाऱ्या टर्नरच्या हातातला हा मोठा गिअर 127 दातांचा आहे. लेथचा लीड स्क्रू, म्हणजे कापायचं हत्यार पुढं सरकवणारा लांब स्क्रू, मिलिमीटरचा आणि कापायचा आहे इंचाचा आटा. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याची पाचपट 127. हा गिअर मधे आला की इंच आणि मिलिमीटरचा मेळ तंतोतंत बसतो, एका दाताचीही फसवणूक नाही. शेडच्या भिंतीला तो खिळ्यावर टांगलेला होता. टर्नर म्हणतात, हल्ली तो उतरवायची वेळ क्वचितच येते.

दांडा ईएन 24 जातीच्या पोलादाचा. पहिला हात वरवरचा, नुसती रेघ. टर्नर लेथ थांबवून रेघेवर गेज टेकवतात, 24. मग पुढचा हात, थोडा खोल. पुढचा. तेल टपकतंय, चुरा गुंडाळी होऊन सुटतोय. शेवटी जुना नट स्टडवर ठेवतात आणि बोटानं ढकलतात. नट स्वतःच्या वजनानं खाली उतरतो. हा भाग आम्ही कापलेला नाही, पूर्ण ठेवलाय.

असे हात असताना जुनी गाडी भंगारात किलोनं का जावी, हे आम्हाला कळत नाही.

(दृश्य: पाट्यांची थप्पी, यू बोल्ट)

पाट्यांचे, म्हणजे अॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, यू बोल्ट नवेच. एकदा ताणून उघडलेले परत लावत नाहीत. मधला सेंटर बोल्टही नवा. तो दिसतो एवढासा, पण त्याचं डोकं अॅक्सलवरच्या खाचेत बसतं म्हणून अॅक्सल जागेवर राहतो. जुना निम्मा कापला गेला होता.

ब्रेक आणि स्टिअरिंगला लेथवरचं काही वापरलेलं नाही. कापलेल्या आट्यापेक्षा कारखान्यात दाबून काढलेला आटा जास्त दम धरतो, तिथं कंपनीचेच बोल्ट लागले. फिटनेस, पुन्हा नोंदणी, खर्च, हे सगळं आप्पांच्या मुलाकडं आहे. कागद आरटीओत आहेत.

(दृश्य: हौदा, फाळका उघडतो, बंद होतो)

फाळक्याच्या बिजागरीला मात्र एम 8 टाकलेत, नट-वायसरसकट, चौकातल्या दुकानातले. नातीनं विचारलं, इथं चालतं का? मिस्त्री म्हणाले, आरपार भोक आहे, आत आटा नाही, इथं चालतं. तिनं चिठ्ठीवर तसं लिहून निळी टिकली लावली.