दोरीला गाठ नाही

मल्लखांबाच्या आखाड्यातली ही नुसती दोरी. सुती, वरून सरळ खाली सोडलेली. पूर्वी इथे वेत टांगायचे. तसा लांब वेत मिळेनासा झाला आणि दोरी आली. वरपासून खालपर्यंत नजर फिरवा, तिला कुठेही गाठ नाही.

आता ही मुलगी. सरसर वर गेली, उलटी झाली आणि दोन्ही हात सोडून दिले. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही.

चेहरा राहू दे, पाय बघा. अंगठा आणि शेजारचं बोट, मधे दोरी. सारी भिस्त त्या चिमटीवर. तिथली कातडी आधी सोलवटते, मग घट्टा पडतो. घट्टा पडला की सर म्हणतात, आता शिकायला लागलीस.

पलीकडे पुरलेला मल्लखांब. खाली जाड अंग, वर निमुळती मान, टोकाला बोंड. लाकूड सागवानी किंवा शिसवी, आणि त्यावर एरंडेल चोळलेलं. म्हणजे जिथे धरायचं, तिथेच निसरडं!

पहिला धडा साधी अढी. खांब कवेत घ्यायचा, कमरेला झटका देऊन पाय वर टाकायचे आणि डोकं खाली ठेवून मांड्यांनी खांब आवळायचा. ऐकायला एवढंच. हा मुलगा तिसऱ्यांदा घसरला. मांड्यांची आतली बाजू लालबुंद झालीय. घरी पायजमा चढवताना ती आठवण करून देईल. अढी बसली की पुढच्या कसरती: दसरंग, बगली, फरारे. ९० सेकंदांच्या संचात, म्हणजे सलग कसरतींच्या मालिकेत, हे सगळं एका लयीत ओघळताना दिसतं, म्हणून सोपं वाटतं.

कुस्तीगिरांच्या सरावाचा हा खांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येत पुन्हा जीव ओतला. तेव्हापासून ती अशीच, हाताखालून हाताखाली, आखाड्यात शिकवली जातेय.

२०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, २०२१ चा अर्जुन पुरस्कार मल्लखांबपटू हिमानी परबला मिळाला. टाळ्या तेव्हा वाजल्या. इथे मात्र रोज संध्याकाळी खांबाला तेल लागतं, त्याला प्रेक्षक नसतात.

तो मघाचा मुलगा पुन्हा आलाय. तळहात चड्डीला पुसले. खांबाला हात लावून नमस्कार केला. झटका.

या वेळी पाय वर गेलेत.