टॉर रिलेसाठी होस्टिंग: किमतीआधी एएस नंबर बघा

"दादा, टॉर रिलेला सगळ्यात स्वस्त होस्टिंग कुठलं?" प्रत्येक व्हिडिओखाली हीच कमेंट. बरं, आज बोलूनच टाकू. टॉर म्हणजे आपली ओळख लपवून इंटरनेट वापरायचं नेटवर्क. त्यात ट्रॅफिक एकामागून एक अशा काही सर्व्हरमधून जातो, त्या प्रत्येकाला रिले म्हणतात आणि त्या साखळीला सर्किट. आणि एएस नंबर म्हणजे एखादा आयपी कुठल्या नेटवर्कात येतो, त्या नेटवर्कचा नंबर.

मशीनचं पटकन उरकतो. 1 जीबी रॅम, दोन्ही बाजूंनी निदान 16 एमबीपीएस, पब्लिक आयपी. रिले मधलाच चालवा. एक्झिटच्या, म्हणजे साखळीतल्या शेवटच्या रिलेच्या, तक्रारींचे मेल हा वेगळा विषय.

आता हेट्झनर, ओव्हीएच, स्केलवे या होस्टिंग कंपन्या. स्वस्त आहेत, चांगलेही आहेत, म्हणूनच तिथे रिलेंची गर्दी आहे. नवीन रिले शक्यतो तिथे नको, असं टॉर प्रोजेक्टच सांगतं. का? टॉर एका सर्किटमध्ये एकाच /16 मधले (म्हणजे आयपीचे पहिले दोन आकडे सारखे असलेले) दोन रिले घेत नाही. पण एकाच कंपनीकडे असे कितीतरी /16 असतात, आणि तिथे हा नियम काही अडवत नाही. पहिला आणि शेवटचा रिले एकाच नेटवर्कात बसला, तर दोन्ही टोकं बघणाऱ्याला नुसत्या वेळा जुळवून माणूस गाठता येतो.

मग कमेंट येते, "मी जर्मनी नाही, हेलसिंकी घेतलंय!" अहो, हेट्झनरचं हेलसिंकीही एएस 24940 मध्येच येतं. झेंडा बदलला, नेटवर्क तेच.

तिसरा प्रकार रिसेलरचा, म्हणजे दुसऱ्याचे सर्व्हर आपल्या नावाने विकणाऱ्यांचा. एका प्रेक्षकाने कौतुकाने एका छोट्या कंपनीचा आयपी पाठवला. हूइज मारलं (आयपी कोणाचा ते शोधलं), तर परत 24940! वेबसाइटवरच्या नावावर जाऊ नका. टेस्ट आयपी मागा, एएस काढा आणि टॉरच्या रिले सर्च या पानावर तो नंबर टाकून बघा, आधीच किती रिले आहेत ते.

"अनलिमिटेड" या शब्दाचा तर मला वैताग आहे. खाली फेअर यूजची बारीक ओळ असतेच. रिले जेवढं घेतो तेवढंच बाहेर पाठवतो, त्यामुळे होस्ट दोन्ही मोजत असेल तर कोटा दुप्पट वेगाने संपतो. टॉरच्या सेटिंगमधली डेटाची मर्यादा मात्र मुळात दोन्हींपैकी मोठा आकडाच धरते. अशा वेळी अकाउंटिंगरूल हे सेटिंग 'सम' (दोन्हींची बेरीज) करा.

भारतात घेऊ का? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार व्हीपीएसवाल्यांना (भाड्याने व्हर्च्युअल सर्व्हर देणाऱ्यांना) ग्राहकाची माहिती 5 वर्षं ठेवावी लागते. पण रिले चालवणारा लपायला बसलेला नसतो, रिलेच्या कॉन्टॅक्टइन्फो या सेटिंगमध्ये ईमेल तर आपणच देतो. माझ्या मते त्याला घाबरायचं कारण नाही.

आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आधी सपोर्टला सरळ विचारा: मधला टॉर रिले चालेल का? मला एकीकडून उत्तर आलं, "नियमात बसेल ते चालेल." याला होकार म्हणत नाहीत. स्पष्ट हो, तेही लेखी, मिळेपर्यंत कार्ड खिशातच ठेवा.