बालकवींना नाव देणारे कर्नल

(दृश्य : जळगाव स्टेशन, सकाळची वर्दळ)

खानदेशात मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे ‘बालकवी’ कसे झाले? उत्तर तोंडपाठ असतं. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर, त्यांनी ही पदवी दिली. आता पुढचा प्रश्न विचारून बघा. हे कीर्तिकर कोण? इथे बहुतेकांची गाडी अडते.

पूर्ण नाव कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. मुंबईचे. जन्म १८४९. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, पुढे विलायतेला गेले आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले. ही सर्व्हिस मुळात लष्करी. डॉक्टर असलात तरी अंगावर गणवेश आणि नावाआधी हुद्दा. भरतीची परीक्षा व्हायची लंडनला. १८५५ पासून ती हिंदी माणसालाही खुली होती, पण ती कागदावर. बोटीचं भाडं, तिथला खर्च, आणि परत आल्यावर ‘समुद्र ओलांडून बाटला’ म्हणणारी घरचीदारची माणसं. हे सगळं निस्तरू शकणारे किती असणार? कीर्तिकरांनी ते निस्तरलं आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचले.

(दृश्य : जुना नकाशा, बोलन खिंडीपासून काबूलपर्यंत)

१८७८ ते १८८० या काळात इंग्रजांचं अफगाणिस्तानाशी दुसरं युद्ध झालं. तिथे ते सैन्याबरोबर डॉक्टर होते. त्या मोहिमेत गोळीपेक्षा पटकी, ताप आणि हगवणीनं माणसं जास्त दगावली. म्हणजे डॉक्टरची लढाई मुख्यतः पाणी, घाण आणि थंडीशीच.

युद्ध नसलं की या सर्व्हिसचे डॉक्टर मुलकी कामाला दिले जात. कीर्तिकर ठाण्याला सिव्हिल सर्जन झाले, ग्रँट मेडिकलमध्ये प्राध्यापक झाले. आणि याच धबडग्यात ते कविता लिहीत होते.

(दृश्य : जुन्या ग्रंथालयातलं कपाट, बांधणी सुटलेली पुस्तकं)

त्यांचं गाजलेलं काव्य ‘इंदिरा’. टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’ या दीर्घकाव्याचा हा मराठी अवतार. मूळ कथा मोठी मजेदार आहे. एक राजकन्या फक्त स्त्रियांसाठी विद्यापीठ काढते, पुरुषांना आत पाऊल टाकायची बंदी. तिच्याशी लहानपणीच लग्न ठरलेला राजपुत्र दोन मित्रांना घेऊन बायकांच्या वेशात आत घुसतो. पुढे भांडण, मग लढाई. राजपुत्र जखमी होतो आणि त्या विद्यापीठाचंच इस्पितळ होतं. मुली पुस्तकं ठेवून जखमींची शुश्रूषा करू लागतात.

आता हे भाषांतराला कुणी निवडलं? जखमी माणसं ज्यांनी डोळ्यांनी पाहिली होती अशा लष्करी डॉक्टरनं. आणि कधी? पुण्यात मुलींचं हायस्कूल, आपली हुजूरपागा, निघालं १८८४ साली. ‘इंदिरा’ही साधारण त्याच काळातली. मुलींनी शिकावं का, यावर तेव्हा वर्तमानपत्रांत रणं पेटली होती. म्हणजे निवड हवेतून आलेली नव्हती.

कवी म्हणून कीर्तिकर मोठे होते का? आमच्या मते, नाही. त्यांच्या पिढीची कविता जड दागिने घालून चालते. पण दुसऱ्याची कविता कानावर पडली की ती कोणत्या जातीची, हे ओळखणारा कान त्यांना होता.

(दृश्य : जळगावबाहेरचा शेतबांध, रुईचं झुडूप, जवळून)

ओळखणं हा तर त्यांचा दुसरा धंदाच. वनस्पती. ही रुई पाहा. पान तोडलं की देठातून दुधासारखा चीक टपकतो. पायात काटा रुतला की खानदेशात आजही हा चीक लावतात. तोच चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. औषध आणि विष एकाच देठात, यात कीर्तिकरांना रस. मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पतींवर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. हा नुसता छंद नव्हता. त्या काळी प्रवाशाला धोत्र्याचं बी चारून लुटायचे, आणि विषबाधेची अशी प्रकरणं यायची सिव्हिल सर्जनपुढे.

(दृश्य : जळगावच्या जुन्या वस्तीतली गल्ली)

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. पश्चिमेचं ठाणं धुळं, पूर्वेचं जळगाव. दुसऱ्याच वर्षी या नव्या ठाण्याच्या गावी महाराष्ट्रातले कवी गोळा झाले. अध्यक्ष कर्नल कीर्तिकर, वय साठीला टेकलेलं. कवितेसाठी उभा राहिला पोलीस खात्यातल्या नोकरदाराचा मुलगा, सोळा-सतरा वर्षांचा. वडिलांच्या बदल्यांमुळे खानदेशातली गावं पालथी घातलेला. अध्यक्षांनी ऐकलं आणि भर सभेत त्याला बालकवी म्हटलं.

अध्यक्ष असे पोरांचं कौतुक करतातच, म्हणाल. करतात. पण टाळ्या संपल्या की ते विरतं. हे टिकलं, कारण मुलगा तसा होता. रेव्हरंड टिळक पुढे त्याला नगरला आपल्या घरी घेऊन गेले.

नंतरचं थोडक्यात. कीर्तिकर १९१७ साली वारले. मेजर बामनदास बसू यांच्याबरोबर सिद्ध केलेला ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा ग्रंथ त्यांना छापलेला पाहता आला नाही. तो १९१८ साली अलाहाबादहून निघाला, हजारावर चित्रांसह. बसूही त्याच लष्करी सर्व्हिसमधले डॉक्टर. त्याच साली ५ मे रोजी जळगाव-भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनाजवळ बालकवी रेल्वेखाली गेले. वय पुरतं अठ्ठावीसही नव्हतं.

(दृश्य : ग्रंथातली चित्रं, एकामागून एक)

आयुर्वेद आणि बॉटनीची मुलं आजही ‘कीर्तिकर-बसू’ उघडतात. त्यांना जळगावचं संमेलन ठाऊक नसतं. मराठीच्या वर्गाला हा ग्रंथ ठाऊक नसतो. म्हणून जळगाव-धरणगावच्या मंडळांना आमची एक सूचना. येत्या १३ ऑगस्टला, बालकवींच्या जयंतीला, व्यासपीठावर एखादे वनस्पतिशास्त्राचे सर बसवा. आधी कुणीतरी ‘औदुंबर’ म्हणावी, मग सरांनी कीर्तिकरांच्या ग्रंथातलं उंबराचं पान उघडून वाचावं. अध्यक्षीय भाषण जरा आटोपशीर ठेवलंत तर वेळ सहज निघेल.